मधल्या मापाचं पाऊल

तो पहिल्यांदा समोर आला तेव्हा मी संडासाच्या भांड्यावर उकिडवी बसले होते.

कपडे अंगावर होते, हे आधीच सांगून टाकते. भांडं कोरं होतं. आमच्या कार्यालयाच्या मागच्या अंगणात विटांवर मांडलेलं. माझ्या हातात बारीक तोंडाची बाटली होती आणि बाटलीत निळं पाणी. ती गुडघ्यांच्या मधे योग्य उंचीवर धरायची, दाबायची आणि धार भांड्याच्या पुढच्या खळग्यात पडते की मागच्या, ते बघायचं. पुढचा खळगा पातळाचा, मागचा घट्टाचा. दोन्ही वेगळे राहिले तरच पुढचं सगळं जमतं. धार सारखी मागे जात होती, आणि ती का जाते ते मला शोधायचं होतं.

"घसरगुंडी कुठे उतरवू?"

मी वर पाहिलं. फाटकात टेम्पो, टेम्पोत एक भलामोठा पिवळा हत्ती आणि हत्तीच्या सोंडेवर हात टेकून तो. केसांत पांढरी धूळ, भुवयांवर पांढरी धूळ, आणि त्या धुळीतून बघणारे काळेभोर, फारच जागे डोळे.

"शाळा शेजारी आहे," मी म्हटलं. "हे कार्यालय आहे."

"बरं." तो हलला नाही. "तुमचं… चालू द्या."

"मी चाचणी करतेय."

"मी कुठे काय म्हटलं?"

उठावं तर पाय आखडलेले, बसावं तर तो बघतोय. त्या गडबडीत बाटली दाबली गेली आणि निळी धार भांड्याच्या पलीकडे, थेट त्याच्या चपलेवर. त्याने चपलेकडे पाहिलं. मग भांड्याकडे पाहिलं, मान एका बाजूला कलवून, बराच वेळ.

"पाय ठेवायच्या जागा मागे आहेत," तो म्हणाला. "कुणातरी उंच माणसाने केलंय हे."

"माहीत आहे. किती मागे आहेत, तेच मोजतेय."

"मोजा, मोजा." त्याच्या गालाला खळी पडली, फक्त डाव्या. "तोवर मी हत्तीच्या मागे थांबतो. तिकडे धार पोचत नाही."

मला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. "हत्ती तुम्ही केलाय?"

"हत्ती, बदकं, पाण्याच्या टाक्या, होडीतल्या खुर्च्या. फायबरचं काहीही सांगा."

"मग असं भांडं करून द्याल? पाय पुढे घेऊन, मधली कड उतरती ठेवून?"

"हे सोडून," तो म्हणाला.

"का?"

"हे सोडून काहीही." या वेळी खळी नव्हती. टेम्पो मागे घेतला आणि गेला. पिवळ्या हत्तीची शेपटी फाटकाला घासली गेली.

*

कुणी 'नाही' म्हटलं की मला स्वस्थ बसवत नाही. 'का नाही' हे कळेपर्यंत तर नाहीच. मी त्याची कार्यशाळा शोधून काढली. पत्र्याचं छप्पर, दारात उलट्या ठेवलेल्या टाक्या, आत रेझिनचा डोक्यात जाणारा गोडसर वास. तो एका बदकाची चोच घोटत होता.

"निळ्या मॅडम," मान वर न करता तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बोटं बघा."

बोटं अजून निळी होती. मी ती ओढणीत लपवली आणि मुद्द्यावर आले. गावाबाहेरच्या उतारावर, खडकावरच्या वस्तीत, संडास नाहीत. खडक फोडून नळ्या टाकता येत नाहीत, तेवढं पाणीही नाही. कार्यालयातले साहेब म्हणतात, सुरुंग लावून खड्डे खणू, भरले की उपसू. मी म्हणते, खड्डा नको. खाली एक चाकांची पेटी ठेवू, खणासारखी ओढता येणारी. पेटीत भुसा आणि अळ्या. एका विशिष्ट माशीच्या अळ्या मागच्या खळग्यात पडेल ते खातात आणि पेटीतलं ओझं कमी करतात. उरलेलं काळ्या पत्र्याच्या डब्यात उन्हाने तापवायचं, कारण जंतांची अंडी अळ्यांना दाद देत नाहीत. मग ते झाडांना. साहेबांनी मला एकच संडास उभा करायला परवानगी दिली होती. पाहणीत तो पसंत पडला तर पूर्ण वस्तीला तसे, नाहीतर खड्डे.

त्याचा हात चोचीवर थांबला होता.

"खड्डे कोण उपसणार?" त्याने विचारलं.

"माणसं लावतील."

"माझे वडील लावलेलेच होते." तो पॉलिश पेपरची घडी करत राहिला. "उतरायचे. आयुष्यभर उतरले. एकदा उतरले ते… वर आणावे लागले. म्हणून मी हत्ती करतो, मॅडम. पोरं त्यावरून खाली येतात, पण हसत येतात."

पत्र्यावर कावळा चालत होता. त्याच्या नखांचा आवाज ऐकू येत होता.

"तुमच्या त्या पेटीत," तो म्हणाला, "कुणाला उतरावं लागेल?"

"नाही."

"वाकून डोकं आत घालावं लागेल?"

"उभ्यानं ओढायची. झाकण लावायचं. ढकलत न्यायची."

"अडकली तर?"

"तर तुमचं काम वाईट, असं मी चारचौघांत सांगेन."

तो पहिल्यांदा मोठ्याने हसला. मग कोपऱ्यातला टाल्कम पावडरचा डबा घेऊन आला. "हात पुढे करा."

"कशाला?"

"काचेचे धागे कातडीत शिरले की दोन दिवस खाजवत बसाल. आधी पावडर लावायची." त्याने माझ्या मनगटांवर पावडर ओतली आणि कोपरापर्यंत सारखी केली. कामाची रीत होती, बाकी काही नाही. पण माझी नाडी तिथेच असते, मनगटात. तिला कोण समजावणार.

*

भांडं सगळ्यांच्या बसण्याला जमायला हवं होतं, म्हणून वस्तीतल्या बायकांची पावलं घ्यायची ठरली. ओल्या वाळूचा चौकोन केला. त्यावर यायचं, रोजच्यासारखं बसायचं, उठायचं. वाळूत पावलं उरतात. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पुढे कुणी येईना.

"सरका गं," म्हणत त्याची आई पुढे आली. ती याच वस्तीत राहायची. वाळलेल्या शेंगेसारखी बाई, आवाज मात्र घंटेसारखा. "रोज दगडाआड बसताना लाज नाही वाटत, इथे वाळूत बसायला वाटते होय?"

मग रांग लागली. तो पाठ करून उभा, वाळू सारखी करायला हाक मारली की डोळे जमिनीला. शेवटी त्याची आई म्हणाली, "आणि तू गं, पोरी? तुला काय पाय नाहीत?"

मीही बसले. उठले. माझी पावलं वाळूत उरली. तो वाळू सारखी करायला आला आणि उगाच थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. मोजतोय."

भांड्याच्या साच्याचं काम सुरू झालं आणि हवेने दगा दिला. अवकाळी रिमझिम लागली. हवा दमट असली की रेझिन चिकटच राहतं, हात लावला की ठसा उमटतो. काम संपलेलं असूनही संपत नाही. आपण नुसतं बसून राहायचं. आम्ही बसून राहिलो. पत्र्यावर थेंब, मधे एक अर्धं बदक, हातात चहा.

"तुमच्या लेकी कशा आहेत?" तो रोज विचारायचा. लेकी म्हणजे अळ्या. मी त्या कार्यालयात टोपल्यांमध्ये वाढवत होते.

"बाळसं धरलंय."

"कुणावर गेल्यात?"

"भूक माझ्यावर. रंग तुमच्यावर, पांढुरक्या."

"मग नावं मी ठेवणार."

"हजारो आहेत."

"मला घाई नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता साच्याच्या कडेला बोट लावून पाहिलं. "हेही अजून… वाळलेलं नाही."

आम्हा दोघांनाही कळत होतं की तो कशाबद्दल बोलतोय. मी पेल्याच्या तळाकडे बघत बसले.

*

घरी आत्याने स्थळ आणलं होतं. बाबा ताटावरून म्हणाले, "मुलगा बँकेत आहे. त्यांना सांगितलंय, आमची मुलगी पाण्याच्या कामात आहे."

"बाबा, मी पाण्यात नाही. पाणी माझा वैरी आहे. पाणी शिरलं की अळ्या बुडून मरतात."

"जेवताना नको."

"तुम्हीच काढलंत. मी संडास बनवते. चांगले बनवते."

"बनव. पण सांगायचं कशाला?" बाबांनी भाजीत मीठ आहे की नाही ते पुन्हा चाखून पाहिलं. बोलायला सुचत नसलं की ते असंच करतात. "आणि तो फायबरवाला… तुझ्याबरोबर दिसतो म्हणे. त्याचे वडील काय करायचे, माहीत आहे ना?"

"खड्डे उपसायचे."

"माहीत आहे आणि तरी?"

"मीही तेच हाताळते, बाबा. रोज. मोजते, चाळते, डबीत भरून प्रयोगशाळेत नेते. तुम्ही चारचौघांत त्याला संशोधन म्हणता. माझ्याकडे हातमोजे आणि पदवी आहे, त्यांच्या वडिलांकडे दोरी होती. आमच्यात फरक तेवढाच. तो मी पुसायला निघालेय, आणि तुम्ही त्याच्यावरून मला स्थळं दाखवता."

आमच्या घरात कुणी असं बोलत नाही. मी पण बोलले नव्हते. 

"पाहणीला या," मी म्हटलं. "एकदा बघा. मग काय ते बोला."

बाबा ताट उचलून आत गेले. पण दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला तेव्हा "मग कळवतो" एवढंच म्हणाले.

*

पाहणीच्या दिवशी मी वर वस्तीत, आम्ही उभ्या केलेल्या संडासापाशी पोचले आणि वाऱ्यावरच कळलं. काहीतरी चुकलं होतं. वासाला वास मारत होता. फिनेल, आणि फिनेलच्या खालून सडका, आंबट दर्प.

मी बायकांना बजावून सांगितलं होतं. पाणी ओतायचं नाही, फिनेल तर नाहीच, घाण दिसली तर मूठभर भुसा. दार उघडलं तर भांडं आरशासारखं लखलखत होतं. मी गुडघ्यांवर बसून बॅटरी मारली. पेटीत पांढरट पाणी साचलेलं आणि त्यावर माझ्या लेकी तरंगत होत्या. एकही हलत नव्हती.

तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. आज त्याने स्वच्छ, इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता. तो निळा निळ्या मॅडमसाठी होता, हे मला कळलं.

"मी ओतलं," त्याची आई दारातून म्हणाली. हात पदरात गुंडाळलेले. "अख्खी बाटली. वर दोन बादल्या पाणी. तू नको म्हणाली होतीस, पोरी, मला आठवत होतं. पण साहेब येणार… ह्याच्या बापाचे कपडे मी जन्मभर धुतले. वास गेला नाही कधी. लोक आमच्या दारावरून नाक धरून जायचे. मुलाच्या कामाला तरी वास नको, एवढंच होतं मनात."

मी रागावणार होते. तोंड उघडलं आणि राग सापडेना.

तेवढ्यात साहेब आलेच, नाकाला रुमाल लावून, बरोबर कार्यालयातली चार माणसं. आणि त्यांच्यामागे, दम लागलेला, चांगले बूट धुळीने माखलेले, बाबा.

"हं," साहेब रुमालाआडून म्हणाले. "म्हणजे चालत नाही. मी म्हणालोच होतो."

"बरोबर, साहेब," मी म्हटलं. "आज बिघडलाय. फिनेलने अळ्या मेल्या, पाण्याने पेटी भरली. असं कुठेही होऊ शकतं. माणसं आपलं घर स्वच्छ ठेवायला जातात, तेव्हाच होतं. म्हणून आजच बघा."

"काय बघायचं त्यात?"

"बिघडल्यावर काय करावं लागतं, ते."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने बाह्या दुमडायला घेतल्या, मग थांबला आणि त्या तशाच राहू दिल्या, मनगटाशी बटण लावलेल्या. मागचं फळकूट उघडलं, मुठीला धरून ओढलं. पेटी चाकांवरून घरंगळत बाहेर आली. हिंदकळली, पण सांडली नाही, कड त्याने उंच ठेवली होती. झाकण लावलं, खिट्ट्या दाबल्या. बाजूला दुसरी पेटी तयार होतीच, कोरडा भुसा आणि कार्यालयातून आणलेल्या ताज्या अळ्या. ती आत ढकलली. फळकूट बंद. शर्टावर एक शिंतोडा नव्हता.

मी आत जाऊन भांड्यावर भुसा टाकून सगळी ओल टिपून घेतली आणि बाहेर आले.

"खड्डा असता," मी म्हटलं, "आणि असाच बिघडला असता, तर आत कोण उतरलं असतं, साहेब? तुम्ही की मी?"

वस्तीतल्या बायका, कार्यालयातली माणसं, सगळे त्या झाकणबंद पेटीकडे बघत होते. त्याची आई मात्र मुलाच्या शर्टाकडे बघत होती.

"बोलायला ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण लोक वापरतील का? आता ह्या क्षणी, ह्या वासानंतर, कोण जाईल आत?"

तेवढ्यात माझी बाही कुणीतरी ओढली.

"अगं," बाबा माझ्या कानाशी कुजबुजले. कपाळावर घाम. "इथे… जवळपास… म्हणजे, चढ फार आहे गं, आणि निघताना चहा घेतला होता."

मी बाबांकडे बघितलं. मग दाराकडे. बाबांनीही दाराकडे बघितलं. साठ वर्षं सांभाळलेली प्रतिष्ठा एका बाजूला आणि चहा दुसऱ्या.

"कडी आतून आहे," मी म्हटलं.

बाबा गेले. दार लागलं. साहेब रुमाल खाली घेऊन दाराकडे बघू लागले, आणि मग असं टक लावून बघणं बरं दिसत नाही हे लक्षात येऊन खडकाकडे. सगळी वस्ती खडकाकडे बघत उभी. वारा आला. फिनेलचा वास थोडा हलला, पातळ झाला.

कडी निघाली.

"पाव्हणं," त्याच्या आईने खणखणीत आवाजात विचारलं, "भुसा टाकला का?"

"टाकला," बाबा म्हणाले. कान लाल. रुमालाने हात पुसत ते दोन पावलं चालले, मग न राहवून वळले आणि त्याला म्हणाले, "आमच्याकडे सुद्धा गुडघे भरून येतात माझे. इथे… पाय ठेवायची जागा अगदी बरोबर आहे. कुणाच्या मापाने केली?"

बाबांवरून त्याची नजर माझ्याकडे आली, आणि माझ्या पायांवर गेली, आणि पटकन खडकावर.

साहेबांनी घसा साफ केला. "खड्ड्यांचं काम तूर्त थांबवतो. असे आणखी काही उभे करा. पावसाळाभर चालवून दाखवा. मग बघू." आणि निघताना, हळूच, "फिनेल नको म्हणून पाटी लावा."

"पाटी नको," त्याची आई म्हणाली. "मी आहे ना."

*

सगळे पांगल्यावर मी त्याला पेटीशी गाठलं. वस्तीवर ऊन उतरलं होतं, तिरकं, पिवळं.

"कुणाच्या मापाने केली?" मी विचारलं.

"सगळ्यांची मापं घेतली होती. सगळ्यांचा मध्य काढायचा असतो. तुम्हीच शिकवलंत."

"मग?"

"तो मध्य… तुमच्या पावलावर आला. आईचं लहान, शेजारणीचं मोठं, तुमचं बरोब्बर मधलं. मी पुन्हा मोजलं. आणि परत एकदा."

"एकदा मोजून भागलं नसतं?"

"भागलं असतं." खळी पडली, डाव्या गालाला. "मग साचा तुमच्याच पावलांवरून काढला. म्हणजे आता पूर्ण वस्ती रोज… मला आधी विचारायला हवं होतं. रागावलात?"

"हो."

"खूप?"

"माझी पावलं वस्तीभर मांडलीत आणि मला पत्ता नाही." मी एक पाऊल पुढे झाले. हात अजून भुशाने माखलेले होते, ते मागे घेतले नाहीत. "आता तरी विचारा."

"काय?"

"पावलं न विचारता घेतलीत. हात तरी विचारून मागा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. खडक, ऊन, झाकणबंद पेटी. "इथे? मला वाटलं होतं, वाळेपर्यंत थांबू. चांगली जागा बघू. नदीकाठ वगैरे."

"मला हीच जागा चांगली वाटते."

"माझे वडील—"

"मला माहीत आहे. माझ्या वडिलांनाही माहीत आहे. ते आत्ता तुमच्या भांड्यावर बसून आले."

तो इतका हसला की त्याला पेटीला टेकावं लागलं. मग हसू ओसरलं आणि डोळे तेवढे उरले, पहिल्या दिवसासारखे, फारच जागे.

"माझ्याशी लग्न करशील?" त्याने विचारलं. 'मॅडम' कुठेतरी मधेच गळून पडलं होतं.

"करीन," मी म्हटलं. "पण लेकींची नावं अर्धी मी ठेवणार."

उताराच्या वळणावर बाबा थांबले होते, चष्मा पुसत. आम्हाला दोघांना एकत्र येताना पाहिलं, आमच्या भुशाने माखलेल्या, एकमेकांत अडकलेल्या बोटांकडे पाहिलं आणि चष्मा परत पुसला. तिघेही उतरू लागलो. तो बाबांच्या एक पाऊल पुढे, घसरलेच तर धरता येईल एवढ्या अंतरावर.

"आत्याला काय सांगायचं?" बाबा म्हणाले.

"आहे ते."

"ती विचारेल, मुलगा काय करतो."

"घसरगुंड्या करतो आणि संडास करतो."

बाबा पुढच्या दगडावर जपून पाय ठेवत विचार करत राहिले. "बरं," ते म्हणाले. "मग घसरगुंड्या आधी सांग."

"नाही, बाबा," मी म्हटलं. "संडास आधी."